कस्तुराबाईंची बुधवारी

पिंपरी-चिंचवडचा रविवार गुरुवारी येतो. जिंतूरच्या शाळेत भूगोलाच्या सरांनी आम्हाला ग्रीनिचची वेळ, जपानची वेळ, सगळं शिकवलं. पण इकडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, एवढं सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. त्यामुळे महाळुंग्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच रविवारी मी दुपारपर्यंत ताणून दिली. सोमवारी सुपरवायझरनं फार प्रेमानं विचारलं, "काय ज्ञानेशराव, काल लग्न होतं का कुणाचं? तुमचंच?"

तर गुरुवार हा रविवार म्हटल्यावर बुधवारची संध्याकाळ ही आमची शनिवारची संध्याकाळ. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी पनवेलहून निघालेली एक गाडी चिंचवडला दोन मिनिटं थांबायची आणि रात्रभर धावून सकाळी परभणी, पूर्णा करायची. रेल्वेच्या लेखी तिला नाव नव्हतं, नुसता आकडा आणि पुढे 'स्पेशल'. आमच्या लोकांनी तिचं बारसं करून टाकलं : बुधवारी. बुधवारीत बसायचं, गुरुवारी गावात आंघोळ करायची, दिवसभर घरच्यांचं तोंड बघायचं, संध्याकाळी तीच गाडी उलटी धरायची आणि शुक्रवारी सकाळी चिंचवडला उतरून थेट कामावर. चाकण पट्ट्यातली मराठवाड्याची निम्मी माणसं तिच्या जिवावर नवरा, बाप, मुलगा वगैरे होती. एरवी ती नुसती ऑपरेटर, हेल्पर आणि फिटर.

हे सगळं मला समजलं ते कस्तुराबाईंमुळे. आमच्या कंपनीच्या गेटवर त्या सिक्युरिटीला आहेत. निळा शर्ट, निळी पँट, डोक्यावर टोपी आणि टोपीखाली भलाथोरला अंबाडा. त्यामुळे टोपी कायम पुढे कललेली, कपाळावर आत्ता पडते की मग. प्लँट हेडची गाडीसुद्धा त्या डिकी उघडल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा साहेब काच खाली करून म्हणाले, "अहो, मी आहे मी." बाई म्हणाल्या, "ते दिसायलंय की साहेब. डिकीत कोण हाय ते दिसंना."

मी आजवर बरीच मोठी माणसं पाहिली आहेत, पण सगळी फ्लेक्सवर. हलतं-बोलतं मोठं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते या गेटवर.

त्यांचे यजमान भीमराज आधी इकडेच एका कारखान्यात होते. जड रोल सरकवताना त्यांचा मणका सरकला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांच्यासाठी एव्हरेस्ट झाली. शेवटी ते गावी गेले, पूर्णेजवळ, धाकट्या भावाच्या किराणा दुकानात बसायला. बाई इथंच राहिल्या, कारण मुलगी मैत्री नांदेडला नर्सिंग शिकत होती आणि तिची फी गेटवर उभं राहिल्याशिवाय भरली जात नव्हती. गेली काही वर्षं या नवरा-बायकोचा संसार आठवड्यातून एक दिवस चालायचा. मी एकदा म्हटलं, "मावशी, अवघड आहे हो." तर म्हणाल्या, "अवघड कशाचं लेकरा? लोकांचा संसार रोज आसतोय म्हणून भांडनं होतेत. आमचा गुरवारचा. भांडायला येळच नाई."

बसनं जायचं म्हटलं तर? हिशेब साधा होता. शिफ्ट संपवून बस धरली तर गुरुवारी जेवायच्या वेळेला पोचायचं आणि हात वाळायच्या आत परत निघायचं. ट्रॅव्हल्सवाला दिवाळीत विमानाचे दर सांगतो ते वेगळंच. म्हणजे गाडी होती म्हणून नोकरी आणि नवरा दोन्ही होते. गाडी गेली, तर दोघांतलं एक ठेवायचं.

आणि गाडी जायच्या बेतात होती.

गंमत बघा. एवढं लांबलचक धूड, अर्ध्या महाराष्ट्रातून धडधडत जाणारं, स्टेशनात शिरताना पायाखालची फरशी हलवणारं. आणि त्याचा जीव कशात? तर 'मुदतवाढ' या एका शब्दात. ही स्पेशल काही महिन्यांसाठी मंजूर व्हायची. तोटा सरकारनं सोसायचा. मुदत संपत आली की वरती कुणीतरी विचारायचं, आठवड्याच्या मध्यात कोण प्रवास करतं? कशाला पैसा घालायचा? मग शेवटच्या क्षणी कुणाला तरी दया यायची आणि गाडी आणखी थोडी जगायची. या खेपेला मात्र वाढ आली नव्हती. कुणी म्हणायचं निधी दुसरीकडे वळवला, कुणी म्हणायचं नव्या चकचकीत गाड्यांसाठी डबे हवेत, आणि आमच्या लाइनवरचा विक्की, जो परभणीचा आहे आणि ज्याला सगळं माहीत असतं, तो म्हणायचा, "दिल्लीतून फोन आलाय मला. विचारायले, विक्कीभाऊ, काय करू?"

बाईंनी ठरवलं, उगाच हवेतल्या गप्पा नकोत, स्टेशनवर जाऊन विचारायचं. मला सोबत घेतलं. "तू इंग्लिशमधी बोल. म्या मराठीत दम देते."

खिडकीवरचे बुकिंग क्लार्क मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे, शांत गृहस्थ होते. इंग्लिशची आणि दमाची, दोन्हींची गरज पडली नाही. ते म्हणाले, "मावशी, मी खिडकीवर बसतो, मंत्रालयात नाही. पण मुदतवाढ मागायची तर कुठून किती तिकिटं गेली ते बघतात. आणि या गाडीला चिंचवडहून माणूसच नाही."

बाई हसल्याच. "माणूस नाई? आवो, दर बुधवारी म्या सोता चढते. माझ्या मागं आख्खा डबा चढतोय."

"चढत असेल. तिकीट कुठलं असतं?"

बाईंचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. मला कळायला थोडा वेळ लागला.

झालं होतं असं. चिंचवडच्या वाट्याला या गाडीत बर्थ फार थोडे. चिंचवडहून तिकीट काढलं की वेटिंग ठरलेलं. पण गाडी जिथून सुटते त्या पनवेलहून काढलं, की मिळालाच कन्फर्म बर्थ. मग चढायचं ठिकाण तेवढं बदलून चिंचवड करून घ्यायचं. चार पैसे जास्त जातात, पण रात्रभर पाठ टेकते. ही युक्ती पहिल्यांदा कस्तुराबाईंनी शोधली आणि मग गेटवर उभं राहून, बॅगा तपासता तपासता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मराठवाड्याच्या माणसाला शिकवली. आमच्या कंपनीतून ती शेजारच्या कंपनीत गेली, तिथून चाकणला, तिकडून आकुर्डीला. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना सुचली नसती एवढी हुशार युक्ती. तिचा परिणाम एवढाच, की शेकडो माणसं वर्षानुवर्षं चिंचवडला गाडीत चढत होती आणि पडद्यावर ती पनवेलची माणसं होती. पनवेलला तर गाड्यांना तोटा नव्हता. या गाडीचं तिथं कुणाला पडलं होतं?

आम्ही रिक्षानं परत निघालो. तळवडे चौकात सिग्नलला बाई म्हणाल्या, "माझ्याच हातानं घोटला रे गळा तिचा."

त्या संध्याकाळी कोंडीरामशेठच्या अंगणात सगळे जमले. कोंडीरामशेठ म्हणजे आमचे घरमालक, महाळुंग्याचे जुने रहिवासी. जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या उठल्या, आणि त्या खोल्यांत आम्ही. वयानं सत्तरीचे, पण देहू आणि आळंदी सोडून रेल्वेनं जाण्यासारखं जग असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

बाईंनी टोपी काढून हातात धरली. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "म्याच सगळ्यांला पनवेल शिकवलं. आता म्याच सांगायले, सोडा ते. हितून पुढं तिकीट चिंचवडचं. वेटिंग आलं तर जनरलमधी बसायचं."

अंगणात एकदम बाजार भरला. विक्की उठला. "म्हणजे मावशी, सरकारला मोजता येत नाई म्हणून आपुन रात्रभर एका पायावर उभं राहायचं? बगळा हाव का आपुन?"

"तू बगळा नाईस. बगळा एका जागी गप उभं तरी राहतोय."

"आन सकाळी मशीनवर डुलकी लागली तर?"

"तर मला हाक मार. शिट्टी वाजवते."

हशा झाला, पण कुणी 'हो' म्हणत नव्हतं. बर्थ सोडणं काय असतं ते बारा तास प्रेसवर उभं राहणाऱ्यालाच माहीत. मग कोंडीरामशेठ, जे आतापर्यंत तंबाखू मळत होते, ते म्हणाले, "व्हय गं कस्तुरे, पर चिंचवडचं तिकीट काढल्याव गाडी ऱ्हातीच कशावरनं?"

"राहतीच आसं नाई शेठ. राहिली तर राहिली."

"आन न्हाई ऱ्हायली तर?"

"तर म्या जाते गावाकडं. गेटवर दुसरी बाई बघतील. तिला डिकी उघडायची शिकवून जाते."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. बाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. नोकरी आणि नवरा यांतलं काय सोडायचं, मैत्रीचं शेवटचं वर्ष कशावर काढायचं, सगळं. आम्ही बर्थवर वाद घालत होतो.

विक्की पहिला खाली बसला. "बरं, चिंचवड तर चिंचवड. पण मावशी, खिडकीची जागा माझी."

पुढचे बुधवार चढत्या गर्दीचे गेले. जनरल डब्यात माणसं कशी बसली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ती बसलीच नाहीत. पण मुदतवाढीचं कुठे नाव नव्हतं, आणि बघता बघता ठरलेला शेवटचा बुधवार आला.

त्या दिवशी मी चिंचवड स्टेशनच्या जिन्यावरून खाली पाहिलं आणि पायरीवरच उभा राहिलो. प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. दिसत होते ते गणवेश. राखाडी, गडद निळे, नारिंगी. कुणाच्या पायात अजून सेफ्टी शूज, कुणाच्या कानामागे इअर प्लगची दोरी. कितीतरी कंपन्यांची नावं पाठीवर घेऊन माणसं उभी होती, आणि ज्या कंपन्या एकमेकांना पाण्यात पाहतात त्यांची माणसं एकाच पिशवीतले फुटाणे खात होती. त्यांतले कित्येक जण मराठवाड्याचेही नव्हते. एक साताऱ्याचा पोरगा नुसतंच दौंडपर्यंतचं तिकीट घेऊन आला होता. म्हटलं, "दौंडला काय आहे?" म्हणाला, "काय नाय भावा. मावशी गेटवर बोलली, माणूस कमी पडतंय."

या सगळ्यांच्या मध्ये कस्तुराबाई. ड्युटीवरून तशाच आलेल्या, टोपीसकट. रेल्वे पोलिसानं त्यांना शिट्टी वाजवायची नाही असं आधीच बजावलं होतं, म्हणून त्या टाळ्या वाजवत होत्या. थोड्या वेळानं तोच पोलीस त्यांना विचारताना मी ऐकला, "मॅडम, मागचे जनरल डबे साधारण कुठं लागतील?"

दोन मिनिटांत एवढी माणसं चढणार कशी, हे मला पडलेलं कोडं. बाईंना ते कोडंच नव्हतं. शिफ्ट सुटते तेव्हा आमच्या अरुंद गेटमधून एक पाळी बाहेर येते आणि दुसरी आत जाते, तीही बॅग तपासून, आणि कुणी कुणाला घासत नाही. तेच त्यांनी इथं मांडलं. निम्मी माणसं पुढच्या जनरल डब्यांकडे, निम्मी मागच्या. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन रांगा, मधली वाट मोकळी. "आधी उतरणारे उतरू द्या. मंग म्हातारे. मंग बाया. मंग बॅगा. मंग ज्यायला लई घाई हाय ते."

गाडी आली. इंजिन पुढे गेलं, डबे पुढे गेले, फरशी हलली. आणि मग मी जे पाहिलं ते मी घरी सांगितलं तेव्हा आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. धक्काबुक्की नाही. आरडाओरडा नाही. टाळी पडायची आणि रांग सरकायची. टाळी पडायची आणि रांग सरकायची. माणसांचा एवढा मोठा लोंढा दाराशी येऊन पाण्यासारखा बारीक व्हायचा आणि आत जायचा. खिडक्यांतले पनवेलहून आलेले प्रवासी तोंड उघडं ठेवून बघत होते. गार्डनं हिरवा झेंडा काढला होता, पण तोही क्षणभर नुसता हातात धरून उभा होता.

मी दारात पोचलो तेव्हा बाहेर दोनच माणसं उरली होती. एक बाई. दुसरे कोंडीरामशेठ.

होय, शेठ निघाले होते. पूर्णेचं तिकीट काढून. "माझ्या खोल्यांमधी जे गाव ऱ्हातंय ते हाय तरी कसं, बघून येतो," एवढंच म्हणाले होते. आणि पाहुण्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मावळातल्या इंद्रायणी तांदळाचं अख्खं पोतं आणलं होतं. शेठ आत आले. पोतं दारात अडकलं. मी आतून ओढलं, बाईंनी खालून खांदा लावला. गाडी हलली. बाई पोत्याबरोबर चालू लागल्या, मग पळू लागल्या. पोतं एकदम सुटलं आणि शेठच्या अंगावर आलं. मी हात पुढे केला. बाईंनी तो धरला नाही. हातानंच मला आत ढकलल्यासारखं केलं. "मागं सरक! पडशील! जा, जा तुमी!"

त्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या. टोपी पडली होती. ज्या एका माणसासाठी हे सगळं चाललं होतं, तेच माणूस सोडून बाकी सगळे गाडीत होते.

पुण्यापर्यंत शेठ पोत्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "माझ्या तांदळानं घात केला रं." खिडकीची जागा विक्कीनं एका म्हातारीला दिली.

सकाळी पूर्णेला भीमराज काठी टेकून उभे होते. त्यांनी शेवटचा माणूस उतरेपर्यंत वाट पाहिली. "आन ती?"

मी सांगितलं. सगळ्यांना चढवता चढवता राहिल्या. भीमराज डब्याच्या रिकाम्या दाराकडे बघत होते. शेठनी पोतं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि हात जोडले. "पाव्हणं, तुमची बाई तिथं ऱ्हायली. तिच्या जागी ह्यो तांदूळ आला."

भीमराजांनी पोत्याला काठीनं टोचून पाहिलं. "वजनात लई फरक नाई," म्हणाले, आणि मग तोंड फिरवून बराच वेळ रुळांकडे पाहत राहिले.

दुपारी त्यांच्या भावाच्या घरी तोच तांदूळ शिजला. शेठ मांडी घालून बसले आणि तिसऱ्यांदा वाढून घेतला. गल्लीतल्या दोघातिघांनी दारातून वाकून पाहिलं. हा कोण मोठा माणूस आपल्या वस्तीत जेवायलाय म्हणून. शेठ त्यांनाच ओरडले, "बघता काय? भात कमी न्हाई, या की!"

शुक्रवारी परत आलो तर कस्तुराबाई गेटवर. डोळे जरा सुजलेले, टोपी नीट. "पोचलाव? जेवले का ते?" बस्स. माझी बॅग मात्र नेहमीसारखीच तपासली.

त्यानंतर रोज कामावर यायच्या आधी त्या चिंचवड स्टेशनला जाऊ लागल्या. कधी कधी मी बरोबर असायचो. खिडकीवर रोज एकच संवाद.

"बुधवारचं पूर्णा द्या."

"गाडी दाखवत नाही, मावशी."

"बरं. उद्या येते."

पुढचा बुधवार गाडीशिवाय गेला. गेटवर एक नवी बाई शिकायला येऊ लागली. कस्तुराबाई तिला उभं कसं राहायचं, साहेबाच्या डिकीत कसं बघायचं ते शिकवत होत्या, आणि शिकवताना आवाजात काही म्हणजे काही येऊ देत नव्हत्या. मला ते बघवेना. मी त्या दिवसांत मागच्या गेटनं जायचो.

एका सकाळी क्लार्कनी नेहमीसारखं बटण दाबलं आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुन्हा दाबलं.

"दाखवतंय," ते म्हणाले.

मी विचारलं, "कुठपर्यंत?"

"जूनअखेर. पुढचं माहीत नाही."

"आमच्या तिकिटांमुळे झालं का हो?"

"तुमच्यामुळे झालं असं म्हणू नका. नाही झालं असंही म्हणू नका. मला कुणी सांगत नाही."

"एक पूर्णा," बाई म्हणाल्या. पैसे आत सरकवून पुन्हा म्हणाल्या, "एक पूर्णा. चिंचवडहून."

तिकीट बाहेर आलं. त्यांनी ते न बघताच मुठीत धरलं आणि तिथंच, खिडकीला टेकून, फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं.

"आवो, बुधवारी येते... हाव, चालू झाली... जूनपर्यंत म्हणायलेत... मला काय माहीत मंग काय ते, जुलैचं जुलैत बघू... आँ? रडायलाव कामून? लोकं बघतेत की दुकानात. मंग शिंका द्या, शिंका, म्हणावं मिरचीची पुडी बांधायलो..."

"मावशी," क्लार्क आतून म्हणाले, "मागं लाइन आहे."

"आसू द्या," कस्तुराबाई म्हणाल्या, फोन कानाला तसाच, आणि बाजूला झाल्या. "त्यायलाबी चिंचवडचंच द्या."